नववी-दहावीचं गणित बदलणार आहे, शाळेने आधी काय करावं?

तुमचा प्रश्न असा, की शासनाच्या वेळापत्रकानुसार नववीला 2027-28 पासून आणि दहावीला त्याच्या पुढच्या वर्षी नवा अभ्यासक्रम येणार, तर मुख्याध्यापक म्हणून गणिताच्या शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी. मी गणितच शिकवतो. माझं म्हणणं, पुस्तकाची वाट बघू नका. आधी घटक चाचणीचा पेपर बदला.

दहावीची सध्याची पुस्तकं 2018 ला आली, तेव्हाही प्रशिक्षणं झालीच. त्या पुस्तकांतलं 'अर्थनियोजन' हे प्रकरण घ्या. जीएसटी लागू झाला जुलै 2017 मध्ये आणि वर्षभरात तो पुस्तकात होता. कौतुकाचीच गोष्ट. पण बऱ्याच वर्गांत त्याचं सूत्र तेवढं उरलं, कारण चाचणीत आकडे बदलून तेच उदाहरण पडतं.

त्यापेक्षा मुलांना घरातली बिलं आणायला सांगा. कर धरून 1180 रुपये, दर 18 टक्के, तर मूळ किंमत किती? बरीच मुलं 1180 चे 18 टक्के काढून वजा करतात आणि 967.60 लिहून मोकळी होतात. चूक सांगू नका. त्या 967.60 वर पुन्हा 18 टक्के कर लावायला लावा. येतात 1141.77, आणि मागच्या बाकांवरूनसुद्धा 'सर, असं कसं?' सुरू होतं. तिथून 1000 पर्यंत मुलं आपली आपण पोचतात. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेलेच, त्यामुळे पुस्तक आणि बिल जुळत नाही. बरंच आहे, त्यावरही प्रश्न काढता येतो.

शिक्षकांसाठी आठवड्यातून एक ऑफ तास सगळ्यांना एकाच वेळी द्या. सातवी-आठवीला शिकवणारेही त्यात हवेत. त्या तासाला एकच प्रश्न घ्यायचा आणि मुलं कुठे चुकतील ते आधी लिहून काढायचं. गणिताला एकच शिक्षक असेल, तर शेजारच्या शाळेशी जमवा.

क्लासवाले असलं काही विचारत नाहीत, ही पालकांची तक्रार येणारच. बोर्डाचे 40-40 गुणांचे पेपर आपल्या हातात नाहीत, पण चाचण्या आणि अंतर्गत 20 गुण आहेत. पहिल्या चाचणीत असा एकच प्रश्न घाला, चार गुणांचा. वर्गाची सरासरी घसरेल. तेव्हा शिक्षकाकडून खुलासा मात्र मागू नका.