लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बदलल्यावर बिलिंग मशीनच्या प्रिंटरचा आयऑक्टल (ioctl, अॅपने ड्रायव्हरला नंबर देऊन केलेला कॉल) 'ईनॉटटीवाय' (ENOTTY, म्हणजे 'हा कॉल ओळखत नाही') ही चूक देतो. ड्रायव्हर दुरुस्त करू की अॅप?

ड्रायव्हर दुरुस्त करा, कारण तेच अॅप, पुन्हा बिल्ड न करता, जुन्या कर्नलवर चालत होतं. लिनक्सचा नियमच आहे की चालता युजरस्पेस (कर्नलच्या बाहेर चालणारा) प्रोग्राम कर्नल बदलल्यामुळे मोडता कामा नये; मोडला तर दोष कर्नलचा, मग प्रोग्राम कितीही गबाळा लिहिलेला असो. व्यवहारातही हेच बरं. विरारपासून कुलाब्यापर्यंतच्या दुकानांतल्या मशीनवर अॅप आणि कर्नल एकाच रात्री बदलतील याची खात्री कोण देणार?

आधी दोन्ही कर्नलवर स्ट्रेस (strace, अॅपचे कर्नलला जाणारे कॉल दाखवणारं साधन) लावून अॅप आयऑक्टलचा तोच नंबर पाठवतंय का ते पाहा. तोच असेल, तर बहुधा ड्रायव्हरच्या हेडरमधल्या (व्याख्यांच्या फाइलमधल्या) स्ट्रक्टमध्ये, म्हणजे कॉलसोबत जाणाऱ्या डेटाच्या साच्यात, कोणीतरी फील्ड वाढवलंय. आयऑक्टलच्या नंबरमध्ये सहसा स्ट्रक्टचा आकार भरलेला असतो. १६ बाइटचे २४ झाले की नंबरही बदलतो आणि ड्रायव्हर जुन्याला ओळखत नाही. म्हणून जुना स्ट्रक्ट जसाच्या तसा परत आणा, वाढीव फील्डसाठी वेगळा स्ट्रक्ट व नवा नंबर द्या, आणि ड्रायव्हरच्या स्विचमध्ये (नंबर पाहून काम निवडणाऱ्या कोडमध्ये) दोन्ही केस ठेवा. अॅप ३२ बिटचं आणि नवा कर्नल ६४ बिटचा असेल तर लाँग आणि पॉइंटर या डेटा प्रकारांचे आकार जुळत नाहीत. तिथे ३२ बिटचे कॉल ६४ बिटमध्ये बदलून घेणारा कॉम्पॅट हँडलरही लिहावा लागेल.

उलट प्रकार असेल, म्हणजे नव्या हेडरवर बिल्ड केलेलं अॅप जुन्या कर्नलवर चालवत असाल, तर मात्र काम अॅपचं: ईनॉटटीवाय आला की जुन्या नंबरने पुन्हा कॉल करा.