सगळे नोड चालू, तरी पुसलेली खाती परत आली

प्रश्न : आमचा कॅसँड्रा या डेटाबेसचा ६ नोडचा (सहा मशीनचा) क्लस्टर आहे, रिप्लिकेशन फॅक्टर ३, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती. मागच्या महिन्यात एक नोड डिस्कचा कंट्रोलर बिघडल्याने थेट १२ दिवस बंद होता. कंट्रोलर बदलला, डेटा शाबूत होता, नोड परत जोडला. नोडटूल या कमांडच्या स्टेटसमध्ये सहाही नोड 'यूएन' (अप, नॉर्मल) दिसले, आम्ही निश्चिंत झालो. मग आठवडाभरात ग्राहकांनी कायमची बंद केलेली खाती पुन्हा दिसायला लागली! साहेब म्हणतात, मॉनिटरिंग नाही म्हणून हे झालं. प्रोमीथियस (मापं गोळा करणारं) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख दाखवणारं) बसवलं तर असं पुन्हा होणार नाही ना? टूल ओपन सोर्सच हवं.

उत्तर : होईल. फक्त पुढच्या वेळी ते छान आलेखात बघायला मिळेल.

तुमची सगळी कहाणी १२ आणि १० या दोन आकड्यांत आहे. कॅसँड्रात डिलीट म्हणजे लगेच पुसणं नव्हे. 'ही नोंद गेली' असं सांगणारा टूमस्टोन लिहिला जातो. तो ठेवण्याची मूळ मुदत ८,६४,००० सेकंद, म्हणजे बरोबर १० दिवस. मुदत संपली की कॉम्पॅक्शन (डेटाच्या फायली एकत्र करून आवरण्याचं काम) जुन्या नोंदीसकट टूमस्टोनही काढून टाकतं. बंद पडलेल्या नोडसाठी बाकीचे नोड निरोप जपून ठेवतात खरे, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त ३ तास. तुमच्या नोडला त्या १२ दिवसांतली बरीचशी डिलीटं कळलीच नाहीत. तो परत आला तेव्हा इतरांकडचे सुरुवातीचे टूमस्टोन मुदत संपून गेले होते किंवा जायच्या वाटेवर होते. मग जुनी नोंद हाच एकमेव पुरावा उरला, आणि रीड रिपेअरने (वाचताना प्रतींमधला फरक मिटवणाऱ्या यंत्रणेने) ती इतरांनाही वाटली. 'यूएन'चा अर्थ इतकाच, की नोड जिवंत आहे आणि रिंगमध्ये, म्हणजे क्लस्टरमध्ये, नेहमीसारखा सामील आहे. त्याच्या पोटातला डेटा ताजा आहे की शिळा, हे ती दोन अक्षरं सांगत नाहीत.

आता घाईघाईने रिपेअर, म्हणजे नोडांमधल्या प्रती जुळवून घेण्याचं काम, चालवू नका. उठून बसलेली खाती त्याने आणखी पसरतील. आधी अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमधून बंद खात्यांची यादी काढा, ती पुन्हा डिलीट करा, मगच रिपेअर. आणि यापुढे १० दिवसांहून जास्त बंद राहिलेला नोड आहे तसा आत घ्यायचा नाही. डेटा शाबूत आहे म्हणून जीव होत नाही, ठाऊक आहे, पण तो पुसा आणि नोड स्वतःचाच बदली नोड म्हणून जोडा. बाकीच्यांकडून तो भरून घेईल.

तुम्हाला आधी हवा आहे तो रीपर, म्हणजे रिपेअर सांभाळणारं ओपन सोर्स टूल. हा स्पॉटिफायमध्ये जन्मला, पुढे द लास्ट पिकलने सांभाळला. सगळ्या टोकन रेंजचं (नोडांत वाटलेल्या डेटाच्या पट्ट्यांचं) रिपेअर एकदम न करता तो त्याचे लहान तुकडे पाडतो, दमाने एकेक उरकतो आणि वेळापत्रकही धरतो. मी प्रत्येक कीस्पेसला (टेबलांच्या गटाला) ७ दिवसांचं चक्र लावते. एखादी फेरी फसली तर टूमस्टोनची १० दिवसांची मुदत संपायच्या आत हाताशी तीन दिवस राहतात. बसवताना पहिली ठेच जेएमएक्सची (चालू जावा प्रोग्रॅम हाताळण्याच्या दरवाजाची) लागेल. ते मुळात फक्त त्याच मशीनवरून ऐकतं. वैतागून पासवर्डाशिवाय नेटवर्कवर उघडू नका.

प्रोमीथियस नकोच असं नाही, जरूर बसवा. पण क्लस्टरबाहेरच्या मशीनवर. आणि डेटा ठेवायची मुदत वाढवा. ती मूळची १५ दिवस असते, म्हणजे तुमचा मागच्या महिन्यातला प्रकार आज त्यात दिसलाही नसता. जेएमएक्स एक्सपोर्टर (कॅसँड्राची मापं प्रोमीथियसला पुरवणारा) लावताना टेबलागणिक येणारी मापं गाळून घ्या, नाहीतर हजारो मालिका गोळा होतील आणि बघणारं कुणी नसेल.

एकदा रात्री मी हिरव्या चौकटीकडे तास-दीड तास बघत बसले होते. लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) झकास. प्रत्यक्षात त्या नोडचा एक्सपोर्टरच मेला होता आणि ग्राफानाची चौकट शेवटचा मिळालेला आकडा दाखवत होती. 'अमुकपेक्षा जास्त झालं तर कळवा' हा अलर्ट आकडाच येत नसेल तर वाजत नाही. म्हणून पहिला अलर्ट 'अप' (एक्सपोर्टरकडून आकडे मिळतायत का, हे सांगणारं प्रोमीथियसचं माप) शून्य झाल्याचा. दुसरा, शेवटचं पूर्ण रिपेअर होऊन ८ दिवस उलटल्याचा. तिसरा, वगळलेल्या म्युटेशन्सचा (नोडने वेळेत न उरकल्याने सोडून दिलेल्या लिखाणांचा). लेटन्सीचा ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत उरकतात तो आकडा) नोडनिहाय बघा. सहांची सरासरी काढलीत की आजारी नोड पाच निरोग्यांमागे लपतो.

साहेबांना सांगा, मॉनिटरिंग नव्हतं हे खरं, पण चुकलं ते रिपेअर.

प्रश्न : पोस्टग्रेस डेटाबेससाठी पॅट्रोनी (मुख्य मशीन पडलं तर दुसऱ्याला नेमणारं टूल) लावतोय. डेटाबेसची मशीन दोनच आहेत, एटसीडीही (नेता कोण ही नोंद ठेवणारा साठा) त्याच दोघांवर ठेवलं तर चालेल का?

उत्तर : एटसीडी एकाच मशीनवर ठेवण्यापेक्षाही वाईट होईल. दोघांत बहुमत म्हणजे दोघंही. एक मशीन गेलं की एटसीडी थांबतं, उरलेल्या पॅट्रोनीला नेतेपदाचं कुलूप मिळवता किंवा टिकवता येत नाही आणि मूळ सेटिंगमध्ये तो चांगल्या प्रायमरीलाही (लिखाण घेणाऱ्या मुख्य डेटाबेसलाही) खाली उतरवतो. म्हणजे कुठलंही मशीन मेलं तरी लिहिणं बंद! एटसीडीसाठी तिसरं मशीन घ्या. त्यावर पोस्टग्रेस नसलं तरी चालतं, मशीन लहान असलं तरी चालतं. डिस्क मात्र वेगवान द्या, कारण नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय एटसीडी ती मान्य करत नाही.