सगळं आधीच ठरलेलं असेल तर प्रयत्न कशाला? आणि श्रद्धा, आशा यांचं काय?

तुमचा प्रश्न मला असा समजला: परीक्षेत दोनदा अपयश आलं, घरचे म्हणतात ‘नशिबातच नसेल’, मग जे व्हायचं ते ठरलेलंच असेल तर तिसऱ्यांदा बसण्यात काय हशील? शिवाय ‘श्रद्धा ठेव, आशा सोडू नकोस’ म्हणणारेही आहेत, पण म्हणजे नेमकं करायचं काय, हे त्यातला कुणीच सांगत नाही.

आधी तर्काचं बघू, कारण ती गाठ लवकर सुटते. समजा, सगळं खरोखरच ठरलेलं आहे. तरी त्यातून ‘म्हणून प्रयत्न नकोत’ हे निघत नाही. आपल्याकडे या विचाराची ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ अशी टिंगल कधीच होऊन गेली आहे. प्राचीन ग्रीकांमध्ये तो ‘आळशी युक्तिवाद’ म्हणून प्रसिद्ध होता: बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय नि न बोलावला काय, सारखंच. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातला क्रिसिपस हा तत्त्ववेत्ता स्वतः नियतीवादी, पण हे त्याला अजिबात पटत नसे. रोमन लेखक सिसेरोने त्याचं उत्तर नोंदवून ठेवलं आहे. मायलो हा मल्ल ऑलिंपियात कुस्ती खेळणार असं विधिलिखित असेल, तर समोर जोडीदार असो वा नसो तो खेळेलच, असं म्हणता येईल का? कुस्ती ठरली म्हणजे समोरचा मल्लही ठरला. तसंच बरं होणं ठरलं असेल तर वैद्याला बोलावणंही त्यातच आलं. नियती असलीच तर तिला तुमचा अभ्यास टाळून पुढे जाता येत नाही.

मग खरंच सगळं ठरलेलं असतं का? फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने 1814 मध्ये मांडलं होतं की, विश्वातल्या प्रत्येक कणाची स्थिती आणि त्यावरची बलं ज्या बुद्धीला ठाऊक असतील, तिला भविष्यही भूतकाळाइतकंच लख्ख दिसेल. अतिसूक्ष्म कणांचा अभ्यास करणाऱ्या क्वांटम भौतिकशास्त्राने त्या चित्राला तडा दिला: त्या पातळीवर बऱ्याच गोष्टींची फक्त शक्यता सांगता येते. पण त्यावरून ‘बघा, माणूस स्वतंत्र आहे’ असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. एखादी गोष्ट योगायोगाने घडली म्हणजे ती माझ्या मर्जीने घडली असं होत नाही.

दुसऱ्या बाजूला मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेटचा 1983 सालचा प्रयोग आहे. लोकांना हवं तेव्हा मनगट हलवायला सांगितलं. हालचालीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी मेंदूत तयारीचा संकेत दिसू लागला, आणि ‘आता हलवावं’ ही जाणीव मात्र हालचालीच्या 200 मिलिसेकंद आधीची निघाली. झालं, इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे अशी हाकाटी झाली. खुद्द लिबेटला तसं वाटत नव्हतं. शेवटच्या क्षणी नकार देण्याची ताकद जाणिवेकडे असते, असं त्याचं मत. आणि 2012 मध्ये आरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, मेंदूतल्या विद्युत क्रियेत कायम होणारे चढउतार गृहीत धरले, तर तोच संकेत ‘निर्णय आधीच झाला होता’ असं न मानताही समजावता येतो. वाद अजून मिटलेला नाही. पण मनगट हलवणं आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं की नाही यावर महिनोन्‌महिने विचार करणं या एकाच जातीच्या गोष्टी आहेत, हे मला कधीच पटलेलं नाही.

गीतेचा दाखला या विषयात हमखास निघतो, बहुतेकदा ‘फळाची अपेक्षा करू नकोस’ एवढ्यापुरताच. अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक मात्र फारसा कुणी काढत नाही. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलंय: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवं दैव. दैव आहे, नाकारलेलं नाही, पण पाचातलं एक. आणि त्याच अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. सगळं ठरलेलंच असतं तर या वाक्याची गरज काय होती?

मला स्वतःला अडचण वेगळीच दिसते. दैवाचा भाग कुठे संपतो आणि आपला कुठे सुरू होतो, ती रेघ आधी दिसत नाही, आणि ती हलत असते. एलिझाबेथ ह्यूजचं उदाहरण घ्या. अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांची ही मुलगी. वयाच्या 11व्या वर्षी तिला मधुमेह असल्याचं कळलं होतं. त्या काळी लहान वयात होणाऱ्या या मधुमेहाचं निदान म्हणजे मृत्यूच, आणि बापाचं पद तिथे काही कामाचं नव्हतं. डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्याकडे एकच उपाय होता: जवळजवळ उपासमार वाटावी इतका तोलून-मापून आहार. त्याने कुणी बरं होत नसे, फक्त मरण लांबत असे. कशासाठी लांबवायचं, हे कुणालाही सांगता आलं नसतं. ही मुलगी ते पथ्य तीनेक वर्षं पाळत राहिली. ऑगस्ट 1922 मध्ये तिला टोरांटोला, इन्शुलिन शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉ. बँटिंग यांच्याकडे नेलं, तेव्हा पंधरा वर्षांची होत आलेल्या त्या मुलीचं वजन जेमतेम 20 किलो होतं. हा शोध आदल्याच वर्षी लागला होता. ती वाचली, तिचं लग्न झालं, मुलं झाली, आणि 1981 मध्ये, वयाच्या 73व्या वर्षी ती गेली.

ही गोष्ट ‘आशेचा विजय’ म्हणून सांगायचा मोह होतो, पण ते अर्धसत्य आहे. तेच पथ्य तितक्याच निष्ठेने पाळलेली कितीतरी मुलं 1922 उजाडायच्या आत दगावली. त्यांची आशा कमी पडली असं म्हणणं क्रूरपणाचं होईल. इन्शुलिन कधी सापडेल हे त्या मुलीच्या हातात नव्हतं. तोवर टिकून राहायचा प्रयत्न करणं काही अंशी होतं. आशेचं काम मला एवढंच दिसतं: रेघ कुठे आहे हे माहीत नसताना, ती अलीकडेच आहे असं आपणहून ठरवून टाकायचं नाही.

‘होईल सगळं चांगलं’ असं घोकणं म्हणजे आशा, असं मी मानत नाही. सी. आर. स्नायडर या मानसशास्त्रज्ञाने 1991च्या सुमारास आशेचे दोन भाग सांगितले: ध्येयाकडे चालत राहण्याचं बळ, आणि तिथे पोचायच्या वाटा शोधता येणं. दुसरा भाग लोक विसरतात. दोनदा अडलेल्या वाटेनेच तिसऱ्यांदा जाणाऱ्याकडे बळ असतं, वाट नसते.

श्रद्धेला मी यापेक्षा वेगळी जागा देतो. अमेरिकी तत्त्वज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स 1870 मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना, खोल नैराश्यात होता. त्याने डायरीत लिहिलं की आपली पहिली स्वतंत्र कृती म्हणजे इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवणं. पुरावा हाती येण्याआधी टाकलेलं पाऊल, ही श्रद्धेची एक बाजू. दुसरी बाजू निकाल लागल्यानंतरची: जे झालं ते पचवून उठायला तिचा आधार होतो. देवावर असो, माणसांवर असो किंवा नुसती कामावर, त्याने फार फरक पडतो असं मला वाटत नाही. मात्र श्रद्धेच्या नावाखाली दुसऱ्याच्या दुःखाला ‘तुझ्या पूर्वकर्माचं फळ’ म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. तुमच्या घरचे तितके कठोर नसतील, बहुधा सांत्वनच करत असतील. पण ते सांत्वन झालेल्या गोष्टीपुरतं घ्या, पुढच्या प्रयत्नाचा निकाल म्हणून नको.

पत्रिका दाखवू का, हेही तुम्ही विचारलंय. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये याची चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं यांच्या पत्रिका मिसळून 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून साधारण 50 टक्के येतात. तेव्हा ते पैसे वाचवा.

तिसऱ्यांदा बसावं का, याचं उत्तर मी तत्त्वज्ञानातून देणार नाही. दोन्ही वेळच्या गुणपत्रिका समोर ठेवा आणि कुठे अडलं ते विषयवार काढा. यावेळी काय वेगळं करणार, हे कागदावर लिहिता आलं तर बसा, आणि त्याच कागदावर हेही लिहा की याही वेळी नाही जमलं तर कोणत्या महिन्यापासून दुसरं काय सुरू करायचं. लिहायला काहीच सुचलं नाही, तर यंदा न बसणं हाही तुमचाच निर्णय असेल. घरी सांगतानाही तसंच सांगा, नशिबाच्या नावावर खपवू नका.