गिरणीतल्या तुसाची राख आणि सिव्हिलचा डिप्लोमा

प्रश्न : साखळीजवळ आमची भाताची गिरण आहे. मुलगी पणजीच्या सरकारी पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुसाची राख सिमेंटमध्ये मिसळण्यावर तिने प्रोजेक्ट केला. आता म्हणते, डिग्री नको, राखेचाच धंदा करते. भांडी घासायच्या राखेवर पोट भरते का? – एक पालक

नमस्कार.

मुलीचे हे खूळ नव्हे, एवढे आधी सांगतो. तूस नीट जाळले तर त्याच्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका (वाळूत असते तेच द्रव्य) मिळते. सिमेंटमध्ये पाणी पडले की चुना मोकळा होतो. सिलिका त्याच्याशी संयोग पावते आणि काँक्रीटला बळ देणारा चिकट पदार्थ आणखी तयार होतो. काँक्रीट भरीव होते, खारे पाणी आत शिरायला वेळ लागतो. किनाऱ्यावरच्या इमारतींच्या सळ्या कशा फुगतात ते आपण गोंयकार रोज पाहतो, त्यामुळे इथे या गुणाला मोल आहे. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस ४५६ या २००० सालच्या भारतीय मानकातही, राखेची प्रत एकसारखी असेल आणि अधिकाऱ्याची मंजुरी असेल, तर ती वापरायला मुभा आहे.

घोडे पेंड खाते ते या एकसारखेपणापाशी. उकड्या तांदळाच्या बॉयलरमधली राख बहुधा काळी निघते, म्हणजे तिच्यात कोळसा उरलेला असतो. तो पाणीही पितो आणि कमी पाण्यात माल सैल ठेवणारे रसायन, म्हणजे प्लास्टिसायझरही. मग माल हलेना की मिस्त्री वरून पाणी ओततो आणि ताकद गेलीच. उलट जाळ ७०० अंश सेल्सिअसच्या फार वर गेला तर सिलिका स्फटिकरूप होते आणि चुन्याशी नीट संयोग पावत नाही. शिवाय राख बारीक दळावी लागते (दळताना चांगला मास्क हवाच, ही धूळ फुफ्फुसांना वाईट). आज आलेल्या पोत्याचा निकाल उद्याच्या पोत्याला लागू होईलच असे नाही.

आता गिरणीचा हिशेब. १०० किलो भातामागे सुमारे २० किलो तूस, त्यातून ४ किलो राख. एका घनमीटर काँक्रीटला ३५० किलो सिमेंट धरले आणि त्यातले १० टक्के बदलले, तर ३५ किलो राख लागते, म्हणजे पावणेनऊशे किलो भात. १०० चौरस मीटरच्या पाच इंची स्लॅबला जवळजवळ अकरा टन भात! तुमच्या गिरणीत वर्षाला किती येते आणि कुठल्या महिन्यांत, ते तुम्हालाच ठाऊक. उसाच्या चिपाडाची राखही चालते, पण धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचे गाळप थांबून काही वर्षे झाली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : तिने राख विकू नये, ती पारखायला शिकावे. मिक्स डिझाइन (काँक्रीटमध्ये काय किती घालायचे याचे गणित) आणि चाचण्या नीट येणाऱ्या माणसाला आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणाऱ्या) प्लांटच्या लॅबमध्ये, चाचणी प्रयोगशाळेत, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या सल्लागारांकडे काम मिळते. उद्या राखेऐवजी लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग आला, औष्णिक वीजकेंद्रातली फ्लाय अ‍ॅश आली, तरी हीच विद्या लागते. डिप्लोमावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो; फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय तुम्हाला जवळच आहे. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन बांधकाम साहित्यात एम.टेक. करता येईल. डिग्रीला अगदीच नाही म्हणाली तर घरात भांडण नको, वर्षभर एखाद्या प्लांटच्या लॅबमध्ये नोकरी करू द्या. तिथले काम पाहून बऱ्याच मुली आपणच फॉर्म भरायला येतात.

त्याआधी तिच्या प्रोजेक्टची वही मागून घ्या. राख कुठली, किती तापमानाला जळली, ताकद तपासायला काँक्रीटचे क्यूब किती फोडले, २८ दिवसांनंतर ५६ दिवसांचाही निकाल आहे का, हे बघा. नसेल तर तुमच्याच गिरणीची राख घेऊन पुन्हा करायला सांगा. लॅबसाठी प्राध्यापकांकडे आत्ताच शब्द टाकावा. चवथीची सुट्टी संपली की तिथे परीक्षांची गर्दी होते.