पाहुण्यांना नागपूर दाखवताना

प्रिय बेटा,

तुझी यादी मिळाली. पहिल्यांदाच पाहुणे घेऊन फिरायचं म्हणून रात्र जागून केलेली दिसते. सकाळी आठ ते रात्री आठ, अकरा ठिकाणं. आपलं गाव दाखवायची तुझी हौस त्यात दिसते आणि मला ती फार मोलाची वाटते. तरीही यातली सात ठिकाणं काढून टाक.

रामटेक आधी काढ. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात, आणि गडाला त्याचा स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट सोडले तर एरवी लोकांसाठी उघडत नाही. १८१७ ची लढाई खालून टेकडीकडे बोट दाखवूनही सांगता येते. झिरो माइलला दहा मिनिटं पुरेत. ‘हा भारताचा मध्यबिंदू’ असं तिथं छातीठोकपणे सांगू नकोस. इंग्रजांच्या काळातल्या मोजणीचा तो दगड आहे. त्यावर कोरलेली गावांची नावं आणि अंतरं पाहुण्यांना स्वतःच वाचू दे.

दीक्षाभूमीला मात्र सकाळीच ने, आणि तिथं घड्याळाकडे बघू नकोस. १४ ऑक्टोबर १९५६ ही धम्मदीक्षेची तारीख पाहुणे वाचून आलेले असतात, स्तूपाचा फोटोही त्यांनी पाहिलेला असतो. आत गेल्यावर बाबासाहेबांच्या अस्थींसमोर त्यांना शांत उभं राहू दे. मग बाहेर बोधिवृक्षाजवळ जरा बसा. एकदा तिथं भंडाऱ्याकडच्या एका आजींशी गाठ पडली. पांढरं लुगडं, हातात पाण्याची बाटली. त्या सांगत होत्या, ‘मी सहा वर्षांची होती. बाच्या खांद्यावर बसून आली. मायनं पायातले वाळे इकून पांढरं लुगडं घेतलं होतं.’ एवढं बोलून त्यांनी आपल्या पदराचा काठ बोटांनी सारखा केला. माझ्याबरोबरच्या पाहुण्यांपैकी कोणी पुढे एक प्रश्नही विचारला नाही. लाखो लोक आले होते, हे मी त्यांना आधी तीनदा तरी सांगितलं असेल. ते त्यांना कळलं त्या वाळ्यांमुळे.

हे मी लवकर शिकलो असं समजू नकोस. सुरुवातीच्या वर्षांत मी पाहुण्यांना एका कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, घरी घेऊन गेलो होतो, आणि तेही न कळवता. म्हातारी चरख्याशी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मी दारातच सुरू झालो. १८७७ ची एम्प्रेस मिल, हातमागावरची नागपुरी पातळं, मागामागून बंद पडलेले माग, कोष्ट्यांच्या स्वयंपाकघरातून हॉटेलांत गेलेलं झणझणीत सावजी जेवण. वीस मिनिटं बोललो असेन. आजीनं चरखा थांबवला आणि म्हणाली, ‘तूच सारं सांगून टाकलं बाबू. मंग मले कायले बसवून ठेवलं?’

मी गप्प झालो. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका मुलीनं विचारलं, ‘हात दुखतात का?’ आजीनं उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. सूत धरून धरून पेरावर एक बारीक खाच पडली होती, काळपट, कायमची. त्यानंतर ती अर्धा तास बोलली. लग्न, सासरा, बाजारात पातळाला मिळालेला भाव, मुलानं माग सोडून रिक्षा घेतली तो दिवस. त्यातली एकही गोष्ट मला माहीत नव्हती, आणि मी त्या घरी आधी चारदा जाऊन आलो होतो.

म्हणून ज्याच्या घरी जायचं त्याला आदल्या दिवशी जाऊन विचार. फोनवर ‘या ना’ म्हणतात, ते संकोचानं म्हणतात. त्यांची जेवायची, पाणी भरायची वेळ टाळ. वेळ घेतलास तर त्याचे पैसे ठरवून, पाहुण्यांच्या देखत नाही, तर आधीच हातात दे. आणि तुझे पाहुणे केरळचे आहेत, तेव्हा दोन्हीकडचं बोलणं तुलाच पोचवायचंय. आजी दोन मिनिटं बोलली तर तू एका वाक्यात गुंडाळू नकोस. ‘इकून’चं ‘विकून’ होईल तेवढं चालेल, पण तिनं वाळे म्हटलं तर वाळेच सांग, ‘दागिने’ म्हणू नकोस.

खाण्याचं तू छान लिहिलंस. सकाळी तर्री पोहे हवेतच. तर्री, म्हणजे तो तिखट रस्सा, वेगळ्या वाटीत माग, सगळ्यांना झेपत नाही. सावजी दुपारी नको, उन्हाळा असेल तर मुळीच नको. संध्याकाळी लंबी रोटी करणाऱ्या बाईकडे ने. तिची कणीक इतकी सैल असते की हातातून ओघळेल असं वाटतं. ती या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवते आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकते. पाहुण्यांना समोर उभं राहून बघू दे. ती स्वतः विचारेल, ‘करून पाहता का?’ पहिली रोटी सगळ्यांचीच फाटते आणि सगळेच हसतात. तिथून पुढे ओळख करून द्यायला तू लागत नाहीस.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी आलं तर ही चार ठिकाणंही विसर. काळी मारबत, पिवळी मारबत अशा मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणणाऱ्या गर्दीत त्यांना घेऊन चल. हात मात्र घट्ट धर.

फोटो काढले तर छापून परत नेऊन दे. कांड्या भरणाऱ्या आजीचा फोटो मी ‘देतो देतो’ म्हणत आठ महिन्यांनी घेऊन गेलो. दारात सून होती. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि आत, हार घातलेल्या चौकटीशेजारी ठेवला.

गुरुवारी सकाळी आठला दीक्षाभूमीच्या फाटकाशी ये. पाहुणे यायच्या आधी आपण दोघं एकदा सगळं फिरून घेऊ. पटकन काढता येतील अशा चपला घाल, आणि वही घरी ठेव.

तुझा,
काका