झाडपाल्याची औषधं: संशोधन भरपूर चाललंय, पण पंपात काय भरायचं?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. सध्या येणारे बरेच प्रश्न एकाच विषयावरचे आहेत म्हणून एकत्रच उत्तर देतोय. एका भाऊंनी विचारलंय की रासायनिक फवारणी पूर्ण बंद करून वनस्पतीजन्य औषधांवर जाता येईल का, कारण त्यावर एवढं संशोधन चाललंय म्हणतात. दुसऱ्यांची तक्रार आहे की निंबोळी अर्क मारून तीन दिवस झाले तरी अळ्या जिवंतच आहेत, पैसे पाण्यात गेले. एका ताईंना विचारायचंय की नैसर्गिक आहे तर मास्क-हातमोजे कशाला. औषधाची सवय किडीला लागते का आणि तळ्यातल्या माशांचं काय, हेही आलंय.

आधी संशोधनाचं बघू. भरपूर चाललंय हे खरंच. 2014 साली इस्मान आणि ग्रिनायझेन या दोन संशोधकांनी 1980 ते 2012 मधले वनस्पतीजन्य कीटकनाशकांवरचे वीस हजारांवर शोधनिबंध तपासले, तर 1980 ला वर्षाला 61 निबंध यायचे ते 2012 ला 1207 वर गेले होते, आणि कीटकनाशकांवरच्या सगळ्या निबंधांत यांचा वाटा 1.43 टक्क्यांवरून 21.38 टक्क्यांवर. ऐकायला छान वाटतं. पण त्यांनी पुढे 2011 मधले 197 निबंध सहज उचलून नीट वाचले तेव्हा दिसलं की अर्कात नेमकं कुठलं रसायन आहे याची काहीतरी माहिती फक्त एक-तृतीयांश निबंधांत आहे, आणि शेजारी एखादं माहितीतलं कीटकनाशक ठेवून तुलना केलीय फक्त पाव निबंधांत. म्हणजे बाकीच्यांनी काय केलं तर पाला घेतला, अर्क काढला, काचेच्या बशीतल्या अळ्यांवर टाकला, अळ्या मेल्या, छापून टाकलं. अहो, डोस पुरेसा वाढवला तर बशीतली अळी कशानेही मरते! त्यात असे अर्क बऱ्याचदा मिथेनॉल नाहीतर हेक्झेन अशा रासायनिक द्रावकांत काढलेले असतात, आपण घरी पाण्यात काढणार, मग दोन्हींत उतरणारा माल वेगळा. म्हणून 'अमुक पानाचा रामबाण उपाय' असा मेसेज आला की माझा पहिला प्रश्न, त्यात सक्रिय घटक कुठला आणि किती?

हा 'किती'चाच मोठा घोळ आहे. थाइम या सुगंधी झुडपाचंच घ्या, वनस्पती एकच पण एका झाडाच्या तेलात थायमॉल हा घटक जास्त तर दुसऱ्यात लिनालूल, दिसायला दोन्ही झाडं सारखीच. जात, जमीन, हंगाम, तोडणीची वेळ, साठवण, सगळ्याने फरक पडतो. पाच-दहा झाडांचा पाला एकत्र कुजवून केलेला अर्क एका वेळी लागू पडतो आणि पुढच्या वेळी नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आता निंबोळीवाल्या भाऊंसाठी. तुमचं औषध वाया गेलंय असं अजून म्हणू नका. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन हे झटक्यात मारणारं औषध नाहीच, ते अळीची भूक मारतं आणि कात टाकायला लागणाऱ्या हार्मोनचं गणित बिघडवतं, त्यामुळे अळी दोन-तीन दिवस पानावर दिसते पण खात कमी असते, आणि पुढची कात टाकायची वेळ आली की अडकते. तेव्हा मेलेल्या अळ्या मोजू नका, नवीन पानं कुरतडली जातायत का आणि ताजी विष्ठा पडतेय का ते बघा. मात्र मोठ्या, जाड झालेल्या अळ्यांवर याचा भरवसा धरू नका, हे काम अंडी आणि पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या बारीक अळ्या दिसतात तेव्हाचं.

करताना चुका कुठे होतात तेही सांगतो. पहिली म्हणजे पाला उकळणं, ॲझाडिरॅक्टिन मुख्यतः बीच्या गरात असतं, पानात फारच कमी, आणि उकळून आहे तेही खराब होतं. निंबोळ्या गोळा करून सावलीत चांगल्या वाळवा, ओल्या साठवल्या की बुरशी धरते आणि त्या बुरशीत अफलाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं, अशा काळ्या पडलेल्या बिया घेऊच नका. 5 टक्के अर्कासाठी 5 किलो बियांची भरड 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यातून नीट गाळायची नाहीतर नोझल चोक होणार, आणि पाणी घालून 100 लिटर करायचं. साबण 200 ग्रॅम, पण तो अगदी फवारणीच्या वेळीच, कारण द्रावण अल्कधर्मी झालं की हा घटक लवकर तुटतो. पाणी फार खारट-क्षारयुक्त असेल तर तीच अडचण. उन्हानेही तुटतो म्हणून संध्याकाळी मारा, दुपारी बाराला मारलेली फवारणी म्हणजे अर्धी सूर्याला दिली. उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

कोणी विचारेल की मग कारखान्यात बनवून पक्कं औषध का नाही देत. ॲझाडिरॅक्टिनचा रेणूच इतका अवघड आहे की केंब्रिजमध्ये स्टीव्हन ली यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत जोडायला 22 वर्षं लागली, 2007 ला जमलं, त्यामुळे बाजारातला माल अजून बियांपासूनच काढतात. ज्या बाटलीवर ॲझाडिरॅक्टिनचं प्रमाण पीपीएममध्ये लिहिलंय (10000 पीपीएम म्हणजे 1 टक्का) आणि उत्पादनाची तारीख आहे तीच घ्या. नुसतं 'हर्बल, शंभर टक्के रिझल्ट' लिहिलेली बाटली परत ठेवा. आणि 'हर्बल' बाटलीने तासाभरात सगळी कीड झोपली तर खूश होण्याआधी शंका घ्या, त्यात रासायनिक कीटकनाशक मिसळलेलं असू शकतं.

संशोधनात कामाचं वाटतं ते हे टिकाऊपणाचं. लवंगेतलं युजेनॉल, थाइमचं थायमॉल असली तेलं किडीच्या मज्जासंस्थेवर चांगली काम करतात पण उडून जातात, म्हणून त्यांना बारीक कॅप्सूलमध्ये बंद करून हळूहळू सोडायचं, नाहीतर नॅनो-इमल्शन (पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब) करून पानावर नीट पसरवायचं, यावर बरेच लोक काम करतायत. हे मला नवीन झाड शोधण्यापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. जुनं उदाहरण पायरेथ्रमचं आहे, शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढतात, कीड लगेच खाली पाडतं पण उन्हात काही तासांत संपतं. त्याच रेणूचा नमुना समोर ठेवून 1973 ला मायकल इलियट यांच्या गटाने उन्हात टिकणारं परमेथ्रिन केलं आणि तिथून कृत्रिम पायरेथ्रॉइड शेतात आले. म्हणजे रासायनिक आणि वनस्पतीजन्य हे काही दोन वेगळे देश नाहीत.

म्हणून ताई, मास्क आणि हातमोजे लागतातच. तंबाखूतलं निकोटिन वनस्पतीजन्यच आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं, तंबाखूचा काढा घरी करून फवारू नका. रोटेनोन हे कीटकनाशक काही वनस्पतींच्या मुळांपासून मिळतं, वर्षानुवर्षं 'सुरक्षित' म्हणून वापरलं, नंतर उंदरांवरच्या प्रयोगांत पार्किन्सनसारखी (हातपाय थरथरण्याच्या आजारासारखी) लक्षणं दिसली, बऱ्याच देशांत त्याचा शेतीतला वापर बंद झालाय. सीताफळाच्या बियांचा अर्क करताना डोळे सांभाळा.

सवय लागते का? माव्यावर 1995 साली छापलेला एक प्रयोग आहे, 40 पिढ्या शुद्ध ॲझाडिरॅक्टिन दिलं तर मावा नऊपट सहनशील झाला, पण निंबोळीचा पूर्ण अर्क दिलेल्या गटात तसं झालं नाही. अनेक घटक एकत्र असले की किडीला जमवून घेणं अवघड जातं. तरी एकच औषध सतत मारत बसू नका, बदलत राहा.

पूर्ण बंद करायचं का, तर एकदम नको. आठवड्यातून दोनदा शेतात फिरून कीड बारीक असतानाच पकडणार असाल तर मावा, पांढरी माशी, लहान अळ्या यांच्यासाठी पहिल्या फवारण्या निंबोळीच्या करा. फळात किंवा खोडात शिरलेल्या अळीला यातलं काहीच पोचत नाही, तिथे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पकडणारे) आणि वेळेवर घेतलेलं शिफारशीचं औषधच. एका पट्ट्यात करून बघा, शेजारचा पट्टा नेहमीसारखा ठेवा, तुलना असल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही.

तळ्याचं: पायरेथ्रम आणि रोटेनोन दोन्ही माशांना घातक आहेत, रोटेनोन तर मासे मारायलाच वापरायचे. निंबोळीचाही फवारा पाण्यावर जाऊ देऊ नका, तळ्याच्या कडेला पट्टा सोडा आणि पंप तिथे धुवू नका.