बाळातलं व्यंग: दोष कुणाचा, कारण कोणतं?

प्रश्न : पहिल्या बाळाच्या हृदयाला छिद्र होतं, टाळू फाटलेली आणि हातांना सहा-सहा बोटं. आठवडाभरात ते गेलं. ‘ग्रहणात भाजी चिरलीस’ असं सासूबाई म्हणतात. (पूर्व भाग, सोलापूर)

ताई, ग्रहणाचा आणि व्यंगाचा काडीचाही संबंध नाही. हे उत्तर घरात मोठ्यानं वाचून दाखवा. एकाच बाळात इतकी व्यंगं असली की आम्हाला पहिली शंका गुणसूत्रांची येते. तुम्ही लिहिलेली तीनही लक्षणं ‘ट्रायसोमी 13’मध्ये दिसतात. यात 13 क्रमांकाची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन असतात. बहुतेक वेळा हे बीज तयार होतानाच घडतं, त्यात आईचा किंवा बापाचा काहीच दोष नसतो. मात्र काही जोडप्यांत एकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते, तेव्हा पुढच्या खेपेलाही धोका राहतो. बाळाचं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, झालं होतं का, ते फाइलमध्ये बघा. झालं नसेल तर पुढची गर्भधारणा होण्याआधी तुम्हा दोघांची रक्ततपासणी करून घ्या. बाळ गेल्याच्या दुःखात ही तपासणी राहून जाते आणि बोल मात्र आईला लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : माझं लग्न सख्ख्या मामाशी झालंय. मूल होऊ द्यावं का?

जरूर. आपल्याकडच्या तेलुगू-कन्नड घरांत अशी लग्नं पुष्कळ होतात आणि बहुतेकांची मुलं धडधाकट असतात. पण धोका आहे, तो लपवणार नाही. कुठल्याही जोडप्यात शंभरातल्या दोन-तीन बाळांना मोठं व्यंग असतं. मामे-आतेभावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. मामा-भाचीचं रक्त त्याहून जवळचं, त्यामुळे दोघांत एकच सदोष जनुक असण्याची शक्यता जास्त. आधी जनुकीय सल्ला घ्या. दिवस राहिल्यावर 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.

प्रश्न : फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे आणि दुसरा महिना लागलाय. गोळी बंद करू?

स्वतःहून अजिबात नको! मोठी फिट आली तर तुमच्या आणि बाळाच्या जिवावर बेतेल. पण या गोळीनं मणका, हृदय, टाळू यांची व्यंगं होऊ शकतात, म्हणून आजच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. ज्या बहिणींना अजून दिवस जायचेत, त्यांनी गोळी बदलण्याचं आणि फॉलिक ॲसिडचं आधीच विचारून घ्यावं. कारण ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत बंद होते, तेव्हा पाळी चुकल्याचंही नीट कळलेलं नसतं.

प्रश्न : नातवाचं टाळूचं ऑपरेशन परवडत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ते मोफत होतं. सिव्हिलमध्ये चौकशी करा.